गोठ्याचा जमाखर्च

मुंबई-गोवा महामार्गाने खेड सोडून चिपळुणाकडे निघालात, की परशुरामाचा घाट उतरण्याआधी लोटे लागते. रस्त्यालगत रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. पण रस्ता सोडून जरा आत वळले, की लोटे, घाणेखुंट, आवाशी, असगणी या गावांच्या वाड्या लागतात आणि त्या वाड्यांवर अजूनही गोठे आहेत. पहाटे एकाच घरात दोन कामांची घाई असते. घरधनी पहिल्या पाळीसाठी डबा घेऊन निघतो आणि घरधनीण शेणाची पाटी उचलून गोठ्यात शिरते.

महिनाअखेरीस घरधन्याला पगाराची पावती मिळते. किती कमावले आणि किती कापले, ते सारे तीत लिहिलेले असते. गोठ्याची पावती कोण देतो? कोणीच नाही. दूध घरात येते, चार घरी जाते, शेण खताच्या खड्ड्यात जाते, वासरू मोठे होते. या सगळ्याचा हिशेब मनातच राहतो. आणि हिशेब मनात राहिला, की नफा थोडासा दिसतो आणि तोटा तर मुळीच दिसत नाही.

शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो, आज आपण त्या न दिसणाऱ्या तोट्याचाच हिशेब मांडणार आहोत. पाटी-पेन्सिल घेऊन बसलात तरी चालेल, कारण आकडे साधे आहेत.

खिशातून न गेलेला पैसा

असे धरून चाला, की तुमच्या दावणीला एक संकरित गाय आहे. दिवसाला ती सात लिटर दूध देते आणि लिटरला चाळीस रुपये मिळतात. आता या गाईला लाळ्या-खुरकूत झाला. ताप आला, तोंडात फोड आले, लाळ गळू लागली, खुरांच्या बेचक्यात जखमा झाल्या. मोठे जनावर या रोगाने सहसा मरत नाही, लहान वासरे मात्र दगावतात. म्हणून आपण म्हणतो, “गाय वाचली, देवाची कृपा!” आणि विषय तिथेच संपतो.

पण हिशेब तिथे संपत नाही. पंधरा दिवस दूध सातावरून दोन लिटरवर आले. रोजचे पाच लिटर गेले, म्हणजे तीन हजार रुपये. पुढे दोन महिने ती पूर्वीसारखी भरली नाही, रोज दोन लिटर कमीच दिले. ते चार हजार आठशे. औषधपाण्याचे पंधराशे. आणि सर्वांत मोठा तोटा तर कोणी मोजतच नाही. गाय माजावर यायला आणि गाभण राहायला तीन महिने उशीर झाला. त्या नव्वद दिवसांत तिला पेंढा, कोंडा, पेंड घालावी तर लागलीच. रोजचे शंभर रुपये धरले तर ते नऊ हजार. एकूण बेरीज झाली अठरा हजार तीनशे रुपये.

यात खिशातून रोख गेले ते फक्त पंधराशे आणि तेवढेच आपल्या लक्षात राहतात. उरलेले सोळा हजार आठशे आपल्याकडे आलेच नाहीत, म्हणून ते गेल्याचे दुःखही होत नाही. गोठ्यातला खरा चोर हाच. तो पेटी फोडत नाही, पैसा पेटीत येण्याआधीच घेऊन जातो.

आता दुसरी बाजू पाहू. लाळ्या-खुरकुताची लस सरकारी मोहिमेत मोफत टोचतात. तिची ताकद साधारण सहा महिने टिकते, म्हणून वर्षातून दोनदा टोचावी लागते. मोफत असली तरी ती फुकट पडत नाही, हेही प्रामाणिकपणे लिहू. जनावर धरायला घरच्या माणसाचा दोन वेळा अर्धा-अर्धा दिवस मोडतो, म्हणजे मजुरीचे पाचशे रुपये. टोचल्यावर दोन-तीन दिवस दूध थोडे कमी येते. दोन्ही वेळचे मिळून सहा लिटर धरा, म्हणजे दोनशे चाळीस. एकूण सातशे चाळीस रुपये.

तुम्ही म्हणाल, रोग काही दरवर्षी येत नाही. खरे आहे. पण दहा वर्षांतून एकदा आला, तरी त्या तोट्याचा वर्षाचा वाटा अठराशे तीस रुपये पडतो. वीस वर्षांतून एकदा आला तरी नऊशे पंधरा. म्हणजे रोग जवळजवळ पंचवीस वर्षांतून एकदाच येणार अशी खात्री असेल, तरच लस न टोचणे परवडते. तशी खात्री देणारा माणूस तुमच्या गावात असेल, तर खुशाल त्याचे ऐका.

एवढे मात्र सांगितले पाहिजे, की लस म्हणजे वज्रकवच नव्हे. टोचलेल्या जनावरालाही क्वचित रोग होतो. पण बहुधा तो सौम्य होतो, आणि वाडीतली बहुतेक जनावरे टोचलेली असली तर तो पसरायला जागा मिळत नाही.

मग लोक नको का म्हणतात?

अडाणी म्हणून, असे उत्तर शहरातला माणूस चटकन देईल. ते बरोबर नाही. नको म्हणण्याची जी कारणे वाड्यावाड्यांवर ऐकू येतात, त्यांत काही तथ्य असते. दूध कमी येते, हे खरे आहे, पण दोन-चार दिवसच. टोचल्या जागी गाठ येते, तीही खरी, पण बहुधा ती आपोआप बसते. गाभण जनावर धरताना धडपडेल ही भीती योग्यच आहे. म्हणून किती महिन्यांची गाभण आहे ते डॉक्टरांना आधीच सांगावे आणि जनावर शांतपणे खोड्यात धरावे, काठ्या घेऊन मागे धावू नये.

कानातल्या बिल्ल्याचीही अनेकांना धास्ती वाटते. त्या बारा आकडी बिल्ल्याने जनावराची ओळख पटते, त्याला कोणती लस कधी टोचली याची नोंद राहते. पुढे विम्याचा किंवा नुकसानभरपाईचा प्रश्न आला, तर जनावर तुमचेच आहे हे सांगणारा तोच साक्षीदार.

पण सर्वांत मोठे कारण वेगळेच आहे आणि ते घड्याळाचे आहे. टोचणारे पथक सकाळी दहा-अकराला वाडीत पोचते. तोवर गुरे चरायला डोंगरावर गेलेली, बाप्ये कंपनीत गेलेले, बाई शेतावर. घरी म्हातारे माणूस तेवढे, आणि त्याच्याने जनावर आवरत नाही. मग कागदावर “मालकाने नकार दिला” अशी नोंद होते. खरे म्हणजे नकार कोणी दिलेलाच नसतो, वेळ जुळलेली नसते. म्हणून वाडीने आधी दवाखान्यात जाऊन “गुरे सोडण्यापूर्वी, सकाळी सातला या” असे सांगावे, आणि त्या दिवशी सुट्टीवर असलेल्या चार तरुणांना वाडीतली सर्व जनावरे धरायला उभे करावे. या एका युक्तीने जितक्या जनावरांना लस मिळेल, तितक्यांना दहा भाषणांनी मिळणार नाही.

बुळकांडी कशी गेली

आता एक जुनी गोष्ट सांगतो. घरात ऐंशी वर्षांची आजी असेल, तर तिला “बुळकांडी” हा शब्द विचारून पाहा. गुरांना हगवण लागायची, तोंड सडायचे आणि गोठेच्या गोठे रिकामे व्हायचे. बैल गेला की नांगर अडायचा, नांगर अडला की घर उपाशी. या आणि अशा रोगांच्या अभ्यासासाठीच १८८९ साली पुण्यात सरकारी प्रयोगशाळा निघाली आणि १८९३ मध्ये ती हिमालयातील मुक्तेश्वरला हलवली गेली. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ती हीच.

हा रोग किती लांब जात असे, पाहा. १९२० साली भारतातून ब्राझीलकडे निघालेली गुरे बेल्जियममधील अँटवर्प बंदरात थांबली आणि त्यांच्याबरोबर बुळकांडी युरोपात शिरली. सारे देश हादरले आणि त्यातून १९२४ साली पॅरिसला जनावरांच्या रोगांविरुद्ध काम करणारी जागतिक संस्था स्थापन झाली.

आपल्या देशात १९५४ साली बुळकांडी निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. शंभरातील ऐंशी जनावरे टोचली की रोग हटेल, असा अंदाज होता. कोट्यवधी जनावरे टोचली गेली, रोग खूप कमी झाला, पण गेला नाही. जिथे टोचणारे पोचले नव्हते त्या कोपऱ्यांत तो दडून बसे आणि बाजाराच्या गुरांबरोबर पुन्हा बाहेर पडे. शेवटी ते कोपरे शोधून काढून काम केले गेले. १९९५ साली भारतात शेवटची लागण नोंदली गेली, २००६ मध्ये देश या रोगापासून मुक्त ठरला आणि २०११ मध्ये बुळकांडी जगातूनच गेल्याचे जाहीर झाले. माणसाने पृथ्वीवरून घालवलेला जनावरांचा हा पहिला रोग.

यात आपल्यासाठी बोध आहे. माझ्या गाईला लस टोचली तर फायदा फक्त माझा नसतो, शेजाऱ्याचाही असतो. आणि मी टोचली नाही तर तोटाही एकट्याचा राहत नाही. भातकापणी झाली, की आपल्या कोकणात गुरे मोकळी सुटतात. एकाच पाणवठ्यावर पाणी पितात, एकाच डोंगरावर चरतात. शेताला वई घालताना प्रत्येकाने आपली बाजू बांधायची असते. एकाने खिंडार ठेवले, की सगळ्यांचे भात गुरांच्या तोंडी जाते. लसीचेही तसेच. ती एका गोठ्यापुरती नव्हे, साऱ्या वाडीची वई आहे.

लाळ्या-खुरकूत आणि सांसर्गिक गर्भपात या दोन रोगांसाठी केंद्र सरकारने २०१९ साली १३ हजार ३४३ कोटी रुपयांचा कार्यक्रम हाती घेतला, तो याच विचाराने.

२०२२ चा धडा

लम्पी तर तुम्ही पाहिलाच. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात त्याने डोके वर काढले आणि पुढे तो राज्यभर पसरला. अंगावर गाठी, ताप, पायांना सूज. डास, माश्या आणि गोचीड यांच्यामार्फत तो एका जनावरातून दुसऱ्यात जातो. गुरांचे बाजार बंद झाले, वाहतूक थांबली, आणि शेळ्यांच्या देवीची लस मोठ्या मोहिमेने गाईबैलांना टोचण्यात आली. दगावलेल्या जनावरांसाठी शासनाने गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार आणि वासराला १६ हजार रुपये अशी मदत जाहीर केली.

ही मदत चांगलीच होती. पण विचार करा, मदत मेलेल्या जनावराची होती. जे जगले पण आटले, ज्याची गाभ पडली, ज्याचे पाय महिनाभर सुजून नांगरणी चुकली, त्याचे काय? तो तोटा ज्याचा त्याने सोसला. “बैल गेला नि झोपा केला” ही म्हण आपलीच. गोठ्याला झोपा लावायचा तो बैल आत असताना. भरपाई ही बैल गेल्यावरची गोष्ट.

ज्याला दिसते त्याच्या हाती पैसा हवा

आता जरा घरातले बोलू. बाप्यांनी रागावू नये.

जनावर आजारी पडले, हे सर्वांत आधी कोणाला कळते? जी रोज आंबोण ठेवते तिला. गाईने आंबोणाला तोंड लावले नाही, रवंथ थांबला, कान गार लागले, कासेला हात लावताच पाय झाडला, हे सारे घरधनीण संध्याकाळीच ओळखते. पण डॉक्टरला बोलवायचे तर पैसे हवेत, आणि पैसे घरधन्याकडे. तो दुसऱ्या पाळीला गेलेला. रात्री उशिरा थकून येतो आणि म्हणतो, “सकाळी बघू.” सकाळचे दुपार होते.

कासदाहासारख्या रोगात ही एक रात्र फार महाग पडते. वेळेवर औषध गेले तर कास वाचते. दोन दिवस गेले तर एक सड कायमचे निकामी होऊ शकते, आणि मग प्रत्येक वेतात तेवढे दूध गमावलेच म्हणून समजा. म्हणजे तोटा रोगाने जितका होतो, तितकाच घरातल्या कारभाराच्या रीतीने होतो.

यावर उपाय घरातल्या घरात आहे. दुधाच्या पैशांतून लिटरमागे दोन रुपये वेगळ्या डब्यात टाकावेत. सात लिटरचे रोज चौदा, महिन्याचे चारशे वीस. हा डबा घरधनिणीच्या हाती असावा आणि गोठ्यासाठी तो उघडताना तिला कोणाला विचारावे लागू नये. १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा टोल-फ्री क्रमांक गोठ्याच्या खांबावर खडूने मोठा लिहून ठेवावा. घरधनी खरा शहाणा असेल, तर हा डबा तो आपणहून आणून देईल.

आणखी एक गोष्ट भगिनींनी नीट ध्यानात ठेवावी. गाय गाभडली किंवा वार अडकली, तर ती उघड्या हाताने काढू नये. सांसर्गिक गर्भपाताचे जंतू हातावरच्या ओरखड्यांतूनही माणसात शिरतात. पुढे उलटून-पालटून ताप येतो, सांधे धरतात आणि कारण महिनोन् महिने कळत नाही. दूध नेहमी उकळूनच प्यावे. या रोगाची लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडीला आयुष्यात एकदाच टोचतात. ते चार महिने हुकले की संधी हुकली. जनावराचे आरोग्य आणि घराचे आरोग्य यांत भिंत नाही, ती अशी.

थकलेल्या जनावराचे काय?

आता सर्वांत अवघड पान. ते टाळून हिशेब पुरा होणार नाही.

भाताच्या खाचरात पॉवर टिलर आला आणि बैलाचे काम वर्षातले थोडे दिवस उरले. गाईच्या कत्तलीला राज्यात १९७६ च्या कायद्यानेच बंदी होती, २०१५ मध्ये ती बैल आणि वळू यांनाही लागू झाली. कायदा तो कायदा, आणि ज्या बैलाने घर पोसले त्याला शेवटी बाजार दाखवू नये, असे मानणारी घरेही आपल्यात पुष्कळ. पण थकल्या बैलाला रोज साठ रुपयांचा चारा धरला, तरी वर्षाचे एकवीस हजार नऊशे होतात. हा भार एकट्या मालकावर पडतो. मग एके रात्री दावे सुटते, किंवा सोडले जाते, आणि पावसाळ्यात कोरड्या डांबरावर येऊन बसलेली गुरे महामार्गावर दिसू लागतात. पुढे काय होते ते लोट्याच्या परिसरात राहणाऱ्यांना सांगायला नको. जनावर जाते, आणि कधी दुचाकीवरून पाळी संपवून घरी येणारा मुलगाही जातो.

अशा गुरांना आसरा द्यायला गोशाळा आहेत. खुद्द लोट्यातल्या गोशाळेचे नाव अनुदानाच्या मागणीमुळे वर्तमानपत्रांतून आले होते. २०२४ साली राज्य सरकारने गोशाळांमधील देशी गाईंसाठी दर गाईमागे रोज पन्नास रुपये देण्याचे ठरवले. वर्षाचे ते १८ हजार २५० होतात. पण हा आधार गोशाळेतल्या देशी गाईला. घरच्या दावणीला जपलेल्या म्हाताऱ्या बैलाला तो नाही. ज्या घराने त्याला सोडला नाही त्याचाही विचार व्हावा, अशी मागणी ग्रामसभेतून करायला काहीच हरकत नाही.

आपल्या हाती काय आहे? दारात जनावर किती आणि कोणते ठेवायचे, हे आधी ठरवणे. कोकणची आपली ‘कोकण कपिला’ गाय अंगाने लहान. २०१८ साली तिची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद झाली. दिवसाला दोन-अडीच लिटरच दूध देते, पण ऊन-पाऊस सोसते, डोंगरावर चरून पोट भरते. संकरित गाय दूध जास्त देते, पण तिला पेंड, पाणी, सावली आणि डॉक्टर हे सारे लागते. मे महिन्यात विहीर तळाला जाते, तेव्हा तिच्यासाठी पाण्याच्या कळशा कोण वाहणार, हा प्रश्न ती विकत घेण्यापूर्वी विचारावा. पाच अर्धपोटी जनावरांपेक्षा दोन पोटभर जनावरे केव्हाही बरी. जनावराचे सुख आणि मालकाचा नफा या दोन गोष्टी बहुतेक वेळा एकाच दावणीला बांधलेल्या असतात.

एक वही घाला

शेवटी एकच विनंती. मुलाची जुनी वही घ्या, तिची उरलेली पाने गोठ्याला द्या. एका बाजूला रोजचे दूध, दुसऱ्या बाजूला पेंड-कोंडा आणि औषधे. खाली जनावराचा बिल्ला क्रमांक, लस टोचल्याची तारीख, माजावर आल्याची तारीख, गाभण गेल्याची तारीख. लाळ्या-खुरकुताची लस वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या तोंडावर घटसर्प-फऱ्याची, कालवडीला गर्भपाताची. विम्याची चौकशीही दवाखान्यात करा. २०२४ साली केंद्राने हप्त्यातला शेतकऱ्याचा वाटा पंधरा टक्क्यांवर आणला आहे.

ही वही शाळेत जाणाऱ्या मुलीकडून लिहवून घ्या आणि आईने सांगावे तसे तिने लिहावे. वर्ष भरले, की एका रविवारी घरातली सगळी माणसे मिळून ती वाचा. पगाराच्या पावतीशेजारी ती ठेवा. त्या पाटीभर शेणामागे आणि पहाटेच्या धारेमागे केवढी कमाई होती, आणि त्यातली किती नुसत्या दुर्लक्षाने गळून गेली, ते त्या दिवशी साऱ्या घराला प्रथमच दिसेल. आणि एकदा दिसले, की पुढच्या खेपेला पथक वाडीत येण्याआधीच तुमची गाय खोड्यापाशी उभी असेल.